पाठीला भिंत

१

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. चाळिशी उलटली तरी धाकटीच. थोरल्या भावाने लहानपणी ते नाव पाडलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच, तेव्हा आपणही तिला धाकटीच म्हणू.

धाकटीचं काम बसल्या जागी करायचं होतं, फक्त ती जागा कंपनी देत नव्हती. लोक आपापल्या घरी बसून कॉम्प्युटरवर परीक्षा द्यायचे, आणि ते कॉपी करत नाहीत ना, हे धाकटीने भलतीकडेच कुठेतरी बसून बघायचं. पडद्यावर बारा चौकोन, चौकोनागणिक एक परीक्षार्थी. कुणी पेन चावतोय, कुणी छताकडे बघून देवाला हाका मारतोय. शाळेतल्या पर्यवेक्षकाला निदान वर्गात फेऱ्या मारता येतात. हिला डोळ्यांनीच फेऱ्या मारायच्या. परीक्षार्थींना तिचं नाव कळत नसे, नुसता नंबर दिसे: पर्यवेक्षक ११४.

तिच्या भाड्याच्या खोलीत इंटरनेट होतं म्हणायला होतं. घाईतल्या पाहुण्यासारखं यायचं आणि टेकतंय न टेकतंय तोच उठायचं. त्यामुळे रोज सकाळी लॅपटॉप पिशवीत घालून कॅफे धुंडाळणं आलं. दोन वर्षांत तिने एकतीस कॅफे पालथे घातले होते. त्यांची यादी एका घडीच्या कागदावर होती. पाट्यांवरची नावं तिच्या लक्षात राहत नसत, म्हणून तिने आपलीच ठेवली होती: खांबाचा, मांजरीचा, रडक्या दाराचा. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहिलेल्या. नेट किती वेळा पडतं, प्लग कुठे आहे, खुर्ची दोन तासांनी काय म्हणते, आणि पाठीला भिंत आहे का.

ही चौथी गोष्ट कंपनीचा नियम होता. मागून कुणाला पडदा दिसता कामा नये. बरं, नियम पाळला जातोय की नाही हे बघायला पहारेकऱ्यांवरही पहारा होता. धाकटीच्या पडद्याच्या तळाशी तेरावा चौकोन होता, त्यात तिचा स्वतःचा चेहरा आणि बाकीच्या चौकोनांसारखाच शेजारी एक आकडा: कॅमेऱ्याला किती चेहरे दिसतायत. तिथे कायम एक असायला हवा. पाणी आणायला उठलं की शून्य व्हायचं आणि ती मिनिटं मोजली जायची. संध्याकाळी मोबाइलवर अहवाल येई: जागेवर नसणं, चौदा मिनिटं. नेट फार वेळ पडलं किंवा एकाचे दोन चेहरे झालेले वरून कुणाच्या नजरेस पडले, तर इशारा. वर्षात तीन इशारे झाले की काम बंद, तिथे रडून उपयोग नाही.

एक इशारा मांजरीच्या कॅफेत पडून झाला होता. अजून दोन पडले असते तर भाड्याची खोली सोडून थोरल्याच्या घरी परत जावं लागलं असतं. थोरला वाईट नव्हता. वहिनी तर फारच चांगली होती, आणि खरं दुखणं तेच होतं. धाकटीची खोली आता भाचीला दिली होती. धाकटीला हॉलमधला दिवाण मिळाला असता आणि आपण दिवाणावर झोपतो हे तिला जाणवू नये म्हणून घरातल्या चौघांनी दिवसरात्र जपलं असतं. त्या जपण्याला कंटाळून तर ती बाहेर पडली होती. स्वतःच्या खोलीची किल्ली स्वतःच्या पिशवीत असणं, एवढंच तिला हवं होतं.

भाची लायसन्सच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. "आत्या, माझ्या परीक्षेवर तू नको हं," ती फोनवर म्हणायची. "तू मला शिंकूसुद्धा देणार नाहीस."

"नातेवाइकांवर आम्हाला बसवतच नाहीत," धाकटी सांगायची. "आधी तसं लिहून द्यावं लागतं."

२

खांबाच्या कॅफेत, एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास सातव्या चौकोनातला आकडा दोन झाला.

सातव्या चौकोनात पन्नाशीचे एक गृहस्थ होते. इस्त्रीचा शर्ट, बाजूला सारलेले केस. परीक्षेला बसायची त्यांची ही तिसरी खेप, असं नोंदीत दिसत होतं. त्यांच्यामागे कोरी भिंत होती.

"मागे कोण आहे?" धाकटीने हेडफोनमधून हळू आवाजात विचारलं.

"कोणी नाही मॅडम."

"लॅपटॉप उचला आणि खोली फिरवून दाखवा."

हे वाक्य धाकटी दिवसातून तीसदा म्हणायची. गृहस्थांनी लॅपटॉप उचलून दाखवलं. पलंग, पलंगाखाली चपलांची जोडी, कपाट, बंद खिडकी, पुन्हा भिंत. खोलीत चिटपाखरू नव्हतं. त्यांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि आकडा परत दोन झाला.

अशा वेळी पडद्यावर दोन बटणं येत. एकावर 'दुसरी व्यक्ती आहे', दुसऱ्यावर 'चुकीचा इशारा'. चुकीचा इशारा म्हटलं की एकोणीस प्रश्नांचा फॉर्म उघडायचा आणि तो भरून होईपर्यंत बाकीचे अकरा जण मोकाट. पहिल्या बटणाला काहीच लागत नसे. एकदा दाबलं की त्या माणसाचा पेपर रद्द, विषय संपला. या धंद्यातले सगळे पहिलंच दाबत. सुक्याबरोबर ओलंही जळतं, आता त्याला कोण काय करणार.

"तुम्ही पाहिलीत ना खोली?" गृहस्थ म्हणाले.

"पाहिली. पण सिस्टीमला दिसतंय."

"मला काही दिसत नाही. तुम्हाला दिसत असेल, तर मग तुमच्याकडे बोलवून घ्या."

ते चिडून बोलले नव्हते. रिक्षावाल्याला पत्ता सांगावा इतक्या सरळ आवाजात बोलले. धाकटीने पहिलं बटण दाबलं. चौकोन काळा झाला. कॉफी गार झाली होती, ती तिने तशीच पिऊन टाकली.

३

शुक्रवारी, त्याच खांबाच्या कॅफेत, तेराव्या चौकोनात दोन दिसले.

धाकटीने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती आणि भिंतीवर कप हातात धरून हसणाऱ्या बाईचं पोस्टर. मशीनच ते, त्याला कागदावरची बाई आणि खरी बाई यातलं काय कळणार, असं म्हणून ती पलीकडच्या टेबलावर गेली. सोमवारी रडक्या दाराच्या कॅफेत पुन्हा दोन. तिथे बाजूच्या खिडकीच्या काचेत तिचंच प्रतिबिंब पडत होतं. तेही पटण्यासारखं होतं. मग मांजरीच्या कॅफेत. तिथे ना पोस्टर होतं ना काच, पण भिंतीला ओल धरून डाग पडले होते, आणि ओलीच्या डागात माणूस काय वाट्टेल ते बघतो. मशीननेही बघितलं असेल.

त्याच दिवशी हेडफोनमध्ये वरच्या मॅडमचा आवाज आला. पर्यवेक्षकांवर लक्ष ठेवणारी बाई ती हीच. तिला कुणी कधी पाहिलं नव्हतं आणि तिला हसताना कुणी ऐकलं नव्हतं. सगळे तिला वरच्या मॅडम म्हणत.

"एकशे चौदा, मागे कोण आहे?"

"कोणी नाही मॅडम. भिंत आहे."

"तुम्ही स्वतः पर्यवेक्षक आहात. तुम्हाला मी काय सांगायचं?"

"फिरवून दाखवू का?"

"दाखवलंत तरी सिस्टीमला दिसतंय ना," वरच्या मॅडम म्हणाल्या. "दुसरा इशारा देतेय. सांभाळा."

धाकटीला त्यांचा राग आला नाही. त्यांच्याही पडद्यावर दोनच बटणं असणार, आणि एकोणीस प्रश्नांचा फॉर्म असणार. मात्र घरी जाताना तिने पिशवीतली किल्ली दोनदा चाचपून पाहिली.

४

बत्तिसावा कॅफे तिला आपोआप सापडला. पंधरा पायऱ्या उतरून तळघरात जायचं. पूर्वी तिथे दातांचा दवाखाना होता. कोपऱ्यातलं चूळ भरायचं भांडं अजून तसंच होतं, त्यात आता कुणीतरी साखरेच्या पुड्या ठेवल्या होत्या. मालक जाड चष्म्याचा, मितभाषी माणूस. दिवसाचा उजेड छताजवळच्या जाळीतून येई तेवढाच, बाकी एक पिवळा दिवा.

तळघरात नेट म्हणजे बोंबच असणार असं धरून धाकटीने लॅपटॉप उघडला. नेट असं होतं की तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. बाराही चौकोन काचेसारखे स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. तिने मुद्दाम अर्धा तास थांबून बघितलं.

आणि भिंत. भिंतीतूनच काढलेला सिमेंटचा ओटा होता, त्यावर गादी टाकली होती. ओटा आणि भिंत यांच्यात नख जाईल इतकीही फट नव्हती. भिंत पांढरी, कोरी, सुकी. पाठ टेकवली की दोन्ही खांदे तिला लागत. धाकटीने कागदावर लिहिलं: भिंतीचा. चारही गोष्टींपुढे बरोबरची खूण केली. अशा खुणा तिने याआधी कुणाला दिल्या नव्हत्या.

पाऊण तासाने आकडा दोन झाला. मग एक झाला. मग पुन्हा दोन.

तिने पाठ भिंतीला इतकी दाबली की मणके दुखायला लागले. आकडा दोनच. तळघरात रेंज नव्हती, तेव्हा तिने पायऱ्या चढून वर जाऊन तिच्या जुन्या मैत्रिणीला फोन लावला. ही मैत्रीण याच कंपनीत सात वर्षं काम करत होती आणि तिला सगळ्या पळवाटा ठाऊक होत्या.

"अगं, एवढंच ना?" मैत्रीण म्हणाली. "घरातली व्यक्ती म्हणून नोंदवून टाक. माझ्या सासूबाई सारख्या मागून जायच्या, मी त्यांना नोंदवलंय. एकदा नोंदवलं की तो चेहरा सिस्टीम मोजतच नाही. आकडा एकच राहतो."

"पण मागे कोणी नाहीये."

"मग तर काय, झकासच. कुणाला विचारायलाही नको."

धाकटीने खाली येऊन नोंदणीचं पान उघडलं. नाव भरलं नाही तरी चालत होतं, नातं मात्र निवडावंच लागत होतं. आई, पती, मुलगी, बहीण. धाकटीच्या पाठीवर कोणी झालं नव्हतं. लहानपणी ती त्यावरून फार रडायची, आपल्याहून धाकटं कुणीतरी हवं म्हणून. तिने बहीण निवडलं. खाली ओळ आली: सदर व्यक्तीला कॅमेऱ्याकडे बघायला सांगा.

हा टप्पा तिच्या ध्यानातच आला नव्हता. आता इथे अडणार, असं म्हणत ती पडद्यावरच्या गोल फिरणाऱ्या खुणेकडे बघत राहिली. स्वतः कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून ती एका बाजूला सरकली होती. समोर नुसती भिंत होती.

खूण फिरायची थांबली. ओळ आली: फोटो घेतला. धन्यवाद.

धाकटी हसली. सिस्टीमच्या अकलेचं तिला हसू आलं. तिने परत ओट्यावर बसून पाठ टेकवली. आकडा एक होता.

५

पुढचे तीन आठवडे इतके सुखाचे गेले की तिने नवा कॅफे शोधणं सोडून दिलं. रोज भिंतीचा. आकडा एक, नेट ठणठणीत.

एकदा रस्त्यावर खोदकाम चालू होतं आणि त्यात केबल तुटली. आख्ख्या भागाचं नेट गेलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने कपाळावर हात मारून घेतला. चष्मेवाल्याने राउटरची वायर काढली, घातली, शेवटी वैतागून पेटीच खाली उतरवून ठेवली. तिच्यावरचे सगळे दिवे विझलेले. धाकटीच्या पडद्यावर बारा माणसं पेपर सोडवत होती.

"तुमचं चालू आहे?" चष्मेवाल्याने विचारलं. "मोबाइलवरून घेतलंय वाटतं."

"हो," धाकटी म्हणाली. मोबाइलला तळघरात रेंजच येत नव्हती, हे त्यालाही माहीत असायला हवं होतं. पण त्याने काही म्हटलं नाही. आपण उगाच नाट कशाला लावा, म्हणून तीही बोलली नाही.

त्या संध्याकाळच्या अहवालात लिहिलं होतं: जागेवर नसणं, शून्य मिनिटं.

ती त्या दिवशी तीनदा उठली होती. एकदा तर पायऱ्या चढून बाहेर जाऊन थोरल्याशी बोलली होती, आणि थोरल्याचं बोलणं पाच मिनिटांत कधी आटपत नाही. तिने मागचे अहवाल काढले. नोंदणी केल्या दिवसापासून रोज शून्य.

पहिल्यांदा तिला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगायचं. नोंदणीमुळे सिस्टीमचा काहीतरी गोंधळ झाला असेल आणि गोंधळ तिच्या पथ्यावर पडला असेल. मग तिला खात्री करून घ्यावीशी वाटली. गुरुवारी अकरा वाजता, बारा जण पेपर सोडवत असताना, ती उठली आणि शिंप्याकडे टाकलेले पडदे आणायला गेली. जाताना चष्मेवाल्याला म्हणाली, "जरा लक्ष ठेवा हो लॅपटॉपवर."

ती पन्नास मिनिटांनी परतली. लॅपटॉप जागच्या जागी. आकडा एक.

"कोणी आलं होतं इथे?"

"नाही. मी इकडेच बघत होतो," चष्मेवाला म्हणाला. "ओटा रिकामाच होता."

धाकटीने बसून नोंदी उघडल्या. अकरा वाजून वीस मिनिटांनी चौथ्या चौकोनातल्या मुलाला पर्यवेक्षक ११४ कडून निरोप गेला होता: कृपया उजव्या हाताशी ठेवलेला कागद कॅमेऱ्याला दाखवावा. मुलाने माफी मागितली होती. कागदावर खरंच उत्तरं होती.

सिस्टीम स्वतःहून असले निरोप पाठवत असेल, धाकटीने मनाशी म्हटलं. हल्ली काय काय निघालंय. ती ते पुन्हापुन्हा वाचत राहिली. तिने स्वतः दोन वर्षांत कुणालाही कधी 'कृपया' म्हटलं नव्हतं. बारा माणसं सांभाळताना तेवढा वेळच नसतो.

तिने पाठीखाली हात घालून गादी चाचपली. गादी ऊबदार होती. पण आत्ताच तर ती तिथे बसली होती, तेव्हा त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं.

६

शनिवारी वरच्या मॅडमनी आपण होऊन कौतुक केलं. "हल्ली तुमचं काम फार नीट होतंय. बसतासुद्धा किती ताठ."

धाकटीला बाक काढून बसायची सवय होती. आई त्यावरून जन्मभर बोलली होती.

सोमवारी ती तळघरात वेळेआधी पोचली. परीक्षा सुरू व्हायला वीस मिनिटं होती. चष्मेवाला कप पुसत होता, बाकी कोणी नव्हतं. नोंदणी काढून टाकायची, मग आकडा दोन झाला तर होऊ दे, तिसरा इशारा पडला तर पडू दे, असं ती घरून ठरवून आली होती. दिवाण तर दिवाण. रात्रभर तिने त्याचाच विचार केला होता आणि तिला दिवाण आता तेवढा वाईट वाटत नव्हता.

काढून टाकायचं बटण साधं होतं: ही व्यक्ती आता माझ्यासोबत नाही. तिने ते दाबलं. ओळ आली: ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्याकडे बघा. तिने बघितलं. गोल खूण फिरली, थांबली.

ही विनंती फक्त पर्यवेक्षकच करू शकतात. आपली नोंद: सोबतची व्यक्ती. नातं: बहीण.

तिने केस मागे सारले आणि पुन्हा बघितलं. दिव्याच्या दिशेने तोंड करून बघितलं. वाचायचा चष्मा घालून, काढून बघितलं. दर वेळी तेच.

हेडफोनमध्ये वरच्या मॅडम बोलायला लागल्या. "एकशे चौदा, तुमच्या बहिणीला जरा बाजूला व्हायला सांगा. परीक्षा सुरू होतेय."

"मॅडम, मीच आहे," धाकटी म्हणाली. "मीच एकशे चौदा."

"हो, सांगा ना त्यांना," वरच्या मॅडम म्हणाल्या. मग जरा थांबून, "असू दे, असू दे. घर म्हटलं की चालायचंच." मधे कुणीतरी काही बोलत असावं, तेवढं थांबून त्या बोलत होत्या. "बरं, मग एकदा खोली फिरवून दाखवा."

हाताची सवय वाईट. ते वाक्य ऐकल्याबरोबर धाकटी उठली, टेबलाच्या पुढच्या बाजूला आली आणि तिने लॅपटॉप उचलला. दार दाखवलं, पायऱ्या दाखवल्या, चूळ भरायचं भांडं दाखवलं, कप पुसणारा चष्मेवाला दाखवला. शेवटी तिने पडदा ओट्याकडे, भिंतीकडे वळवला. आता पडदा तिला दिसत नव्हता, त्याची मागची बाजूच तिच्याकडे होती. पडद्याचा निळसर उजेड मात्र समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पडलेला तिला दिसत होता.

ओटा रिकामा होता. ती नीट बघत होती. गादी, गादीवर तिची पिशवी. आणि भिंतीवरच्या उजेडाच्या मध्यभागी, बसलेल्या माणसाचं डोकं आणि खांदे येतील तेवढ्या जागेत, उजेड पोचत नव्हता.

तिने लॅपटॉप थोडा डावीकडे नेला. ती जागा उजवीकडे सरकली. सावलीने सरकायला हवं तितकीच सरकली.

"हं," वरच्या मॅडम म्हणाल्या. "आता एकच. ठेवा खाली."

धाकटीने लॅपटॉप हळूच टेबलावर ठेवला, त्याचं तोंड ओट्याकडेच असताना. हेडफोन काढून त्याच्या शेजारी ठेवला. पिशवी घ्यायला ओट्यापर्यंत हात न्यावा लागला असता, तो तिने नेला नाही. हेडफोनमधून बारीक आवाज येत राहिला. वरच्या मॅडम हसत होत्या, एखाद्या जुन्या ओळखीच्या बाईशी बोलताना हसतात तशा.

"बाहेर जाऊन येताय का?" चष्मेवाल्याने विचारलं. "या जाऊन. ओट्यावर मी कुणाला बसू देत नाही."

खोलीची किल्ली पिशवीत होती. हे तिला सातव्या की आठव्या पायरीवर आठवलं. ती थांबली नाही.

७

थोरल्याने काही विचारलं नाही. वहिनीने दिवाणावर नवी चादर घातली आणि आत्याला वाऱ्याचा त्रास होतो म्हणून पंखा आपणच कमी केला. सगळे जपत होते. धाकटीने ते सोसलं. नोकरी गेली, एवढंच तिने सांगितलं होतं.

नोकरी गेली नव्हती. रोज संध्याकाळी मोबाइलवर अहवाल येत होता. जागेवर नसणं, शून्य मिनिटं. नवा इशारा नाही. एक तारखेला उत्तम कामाबद्दल अभिनंदनही आलं. तिने नंबर बंद करायचं मनात आणलं होतं, पण अहवाल आला नाही तर काय समजायचं, हे तिला ठरवता येईना.

भाचीची परीक्षा सव्वा महिन्याने आली. सकाळी दहाची वेळ. थोरला आणि वहिनी घरात आवाज नको म्हणून बाहेर गेले. धाकटी स्वयंपाकघरात, नळही न सोडता, बसून राहिली. नियम तिच्याइतके कुणाला ठाऊक होते.

दहा वाजून पाच मिनिटांनी खोलीतून हाक आली. "आत्या, जरा येतेस?"

"वेडी आहेस का? पेपर रद्द करतील."

"अगं, मॅडमच बोलावतायत तुला. त्यांनी तसं लिहिलंय."

धाकटी दारापर्यंत गेली. असा काही नियम नव्हता. पण ती गेली नसती तर भाचीचा पेपर गेला असता, हेही तिला ठाऊक होतं. एक बटण पुरतं.

ती तिची जुनी खोली. टेबल तिथेच, पलंग मागच्या भिंतीला लावलेला. तिने दारातून आत पाऊल टाकलं तसा भाचीच्या पडद्यावर तिचा स्वतःचा छोटा चौकोन होता, त्यातला आकडा एकाचा दोन झाला. पडद्याच्या वरच्या कडेला लिहिलं होतं: पर्यवेक्षक ११४. खाली निरोप होता: कृपया घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला समोर आणावं.

"ही माझी आत्या," भाची माइकमध्ये म्हणाली. "ती आत्ता बाहेर जाईल मॅडम."

 मग नवी ओळ आली. भाचीने ती मोठ्याने वाचली, वाचता वाचता तिचा आवाज गोंधळला.

"कृपया असू द्या. माझी बहीण आहे ती." भाचीने वळून पाहिलं. "आत्या, तुला बहीण कुठून आली?"

 धाकटी पडद्याकडे बघत होती. आणखी एक ओळ आली होती.

"तिला म्हणावं," भाचीने वाचलं, "भिंतीला पाठ लावून बस."

धाकटी पलंगावर मागे सरकत गेली, दोन्ही खांदे भिंतीला लागेपर्यंत. तिथून भाचीच्या खांद्यावरून तिला तो छोटा चौकोन नीट दिसत होता. पुढे भाची होती, मागे पलंग होता, पलंगावर ती स्वतः बसली होती. शेजारचा आकडा दोनचा एक झाला आणि पेपर संपेपर्यंत एकच राहिला.